मूत्राशय काढल्यानंतर स्त्रीचे सहजीवन : एक न बोलला जाणारा प्रश्न



स्मरणिकेत आरोग्याचा लेख म्हटला की मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, फार तर व्यसनमुक्ती, इतक्यावर आपली गाडी थांबते. ह्या वेळी आम्ही मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर स्त्रीच्या मनाचे आणि नवरा-बायकोच्या शरीरसंबंधाचे काय होते, हा तो विषय आहे. विहाराच्या स्मरणिकेत असे लिहावे काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरण्यात आले. १९३४ साली असाच एक खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक अडचणी विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी भूमिका सोडली नाही. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा त्यांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखविले. स्त्रीच्या शरीराविषयी उघडपणे व अदबीने बोलण्याचा हा वारसा आपलाच आहे.

रोगाची थोडी ओळख

बोलीभाषेत मूत्राशयाला आपण ‘लघवीची पिशवी’ म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर पोटावर चिकटवितात तिलाही पिशवीच म्हणतात. घोटाळा नको म्हणून ह्या लेखात शरीरातील अवयवाला ‘मूत्राशय’ व बाहेरच्या साधनाला ‘पिशवी’ म्हटले आहे.

२०२२ साली जगात ह्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष होते. त्यामुळे हा ‘पुरुषांचा आजार’ समजला जातो आणि स्त्रियांचा आजार उशिरा सापडतो. लघवीतून न दुखता रक्त जाणे हे त्याचे मुख्य लक्षण. पुरुष ते लगेच ओळखतो. बाईला मात्र पाळीचे रक्त असेल, उष्णता असेल, लघवीच्या जागेला जंतुसंसर्ग असेल असे वाटते. गोळ्या घेतल्या जातात आणि महिने निघून जातात. पाळी गेलेल्या बाईला लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी तपासणी करून घेतलीच पाहिजे.

बिडी-सिगारेट हे ह्या रोगाचे सर्वांत मोठे कारण. दुसरे कारण आपल्या पट्ट्याने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. रंगनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांत हा कर्करोग अधिक आढळतो, हे जर्मनीतील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ सालीच नोंदविले. पुढे बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन अशी रसायने त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा कारखानदारीचा मुलूख. रंग-रसायनात काम केलेल्या स्त्री-पुरुषांनी, काम सोडून कितीही वर्षे झाली असली तरी, डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

शस्त्रक्रियेत काय काय जाते

रोग वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात व मूत्राशय शाबूत राहते. तो स्नायूत शिरला असेल तर बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. काही निवडक रुग्णांत औषधे व किरणोपचार एकत्र देऊन ते वाचविताही येते.

स्त्रीच्या शरीरात मूत्राशय हे गर्भाशयाच्या व योनीमार्गाच्या अगदी पुढे, त्यांना लागून असते. त्यामुळे जुन्या व अजूनही रूढ असलेल्या पद्धतीत मूत्राशयाबरोबर मूत्रमार्ग, गर्भाशय, बीजवाहिन्या, दोन्ही बीजकोश आणि योनीमार्गाची पुढची भिंत हे सर्व काढले जाते. ‘लघवीची पिशवी काढली’ एवढेच घरी कळते. बाकीचे काय गेले हे पुष्कळदा त्या बाईलाही नीट ठाऊक नसते.

मग लघवीला नवी वाट करून द्यावी लागते. लहान आतड्याचा एक तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात व त्याचे दुसरे टोक पोटावर उघडतात. अमेरिकन शल्यचिकित्सक यूजीन ब्रिकर यांनी १९५० साली मांडलेली ही पद्धत आजही खूप वापरली जाते. पोटावरच्या त्या लालसर, ओलसर तोंडाला ‘स्टोमा’ म्हणतात व त्यावर पिशवी लावतात. दुसऱ्या पद्धतीत आतड्याचेच नवे मूत्राशय करून ते मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. बाहेर पिशवी राहत नाही. पण रात्री लघवी झिरपणे किंवा नळी घालून लघवी काढावी लागणे अशा अडचणी येऊ शकतात.

सहजीवनावर होणारा परिणाम

पहिला परिणाम योनीमार्गावर होतो. पुढची भिंत काढून कडा शिवल्यामुळे तो अरुंद किंवा आखूड होतो आणि संबंधाच्या वेळी दुखते. दुसरा परिणाम नसांचा. योनीमार्गाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या बारीक नसा दुखावल्या तर ओलावा येत नाही, शिश्निकेची संवेदना मंदावते आणि तृप्ती मिळणे अवघड जाते. तिसरा परिणाम बीजकोशांचा. पाळी चालू असलेल्या बाईचे बीजकोश काढले की पाळी एका दिवसात जाते. अंगातून गरम वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड, कोरडेपणा, इच्छा कमी होणे हे सारे हळूहळू न येता एकदम अंगावर येते. चौथा परिणाम मनावर होतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

क्लीव्हलंड येथील शल्यचिकित्सकांनी २००४ साली अशा २७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ जणींना तृप्ती मिळणे कमी झाले वा थांबले होते, ११ जणींना कोरडेपणाचा त्रास होता, १० जणींची इच्छा कमी झाली होती आणि ६ जणींना संबंधाच्या वेळी वेदना होत होत्या. १३ जणींना मात्र संबंध ठेवता येत होता. अभ्यास लहान आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. त्रास खरा आहे, तो बाईच्या मनाचा खेळ नव्हे. आणि सर्व काही संपते असेही नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ह्यांतील काही नुकसान टाळता येते. पण त्याचा विचार शस्त्रक्रियेच्या आधी व्हावा लागतो. पुरुष रुग्णाला डॉक्टर पुरुषत्वावर होणाऱ्या परिणामाविषयी बहुधा आपणहून सांगतात. बाईला ते सांगितले जाण्याचे प्रमाण कमी, हे परदेशांतील पाहण्यांतही दिसून आले आहे. ती विचारीत नाही, डॉक्टर सांगत नाहीत आणि नवरा खाली मान घालून सही करतो. म्हणून पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१) माझे गर्भाशय व बीजकोश काढणे आवश्यक आहे काय? बीजकोश निरोगी असल्यास ठेवता येतील काय?

२) योनीमार्गाची भिंत व बाजूच्या नसा वाचविता येतील काय? (रोग मर्यादित असेल तर निवडक स्त्रियांमध्ये हे करता येते. मात्र रोग तेथवर पोहोचला असल्यास जीव वाचविणे पहिले.)

३) पिशवी आणि नवे मूत्राशय यांपैकी माझ्यासाठी काय योग्य, आणि का?

४) शरीरसंबंध केव्हा सुरू करता येईल? त्रास झाल्यास कोणाला भेटावे?

५) स्टोमाची जागा आधी खूण करून ठरविणार काय?

पाचवा प्रश्न साधा वाटतो, पण तो रोजच्या जगण्याचा आहे. आपल्या बायका परकराची नाडी कमरेला घट्ट बांधतात, जमिनीवर मांडी घालून बसतात, वाकून भांडी घासतात. नाडीची गाठ नेमकी स्टोमावर आली किंवा बसल्यावर पडणाऱ्या पोटाच्या वळीत तो दडला, तर पिशवी टिकत नाही. म्हणून खूण करताना साडी नेसून जावे. उभे राहून, बसून, वाकून दाखवावे आणि मगच जागा ठरवून घ्यावी.

पिशवीसह वावरताना

स्टोमाला वेदनेच्या नसा नसतात. त्याला हात लागला तर दुखत नाही. साफ करताना थोडे रक्त दिसू शकते. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नये, तो आतड्याचा नैसर्गिक चिकट स्राव असतो. पिशवी एक-तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. बदलायची झाल्यास सकाळी चहा-पाणी घेण्यापूर्वी बदलावी. त्या वेळी लघवी कमी येते. रात्री खालच्या तोटीला मोठी पिशवी जोडली की झोपमोड होत नाही. नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही. वास आला तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

हे सारे लिहिण्याचे कारण म्हणजे बाईचा आत्मविश्वास इथेच तुटतो. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात बसायचे आणि डाग पडला तर? कल्याणच्या गर्दीत लोकलमध्ये कोणाचा धक्का लागला तर? चाळीतल्या सार्वजनिक शौचालयात पिशवी रिकामी करायची कशी? ह्या भीतीपोटी बाई आधी विहार सोडते, मग लग्नकार्ये, मग शेजारणीशी बोलणे आणि शेवटी नवऱ्याजवळ बसणेही. बाहेर जाताना एक जादा पिशवी, ओला रुमाल व प्लास्टिकची थैली पर्समध्ये ठेवली की निम्मी भीती जाते. उपनगरी लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवासाची मुभा आहे. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत.

पुन्हा जवळ येताना

जखमा भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच शरीरसंबंध ठेवावा. त्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे, काही जणींना तीन महिने वा अधिकही लागतात. कर्करोग संबंधातून नवऱ्याला होत नाही, हे दोघांनीही पक्के लक्षात ठेवावे. औषधोपचार (केमोथेरपी) चालू असताना मात्र निरोध वापरावा व डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोरडेपणासाठी औषधांच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती लावावी. निरोध वापरीत असल्यास खोबरेल तेल वा व्हॅसलीन लावू नये, रबर फाटते. योनीमार्ग अरुंद झाला असेल तर तो हळूहळू सैल करण्यासाठी लहान-मोठ्या आकाराची गुळगुळीत साधने मिळतात. ती कशी वापरावीत हे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट शिकवितात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायामही त्यांच्याकडूनच शिकावेत. संप्रेरकाची मलमे उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आधी पिशवी रिकामी करावी, हवे तर कापडी खोळ घालावी. नवे मूत्राशय असेल तर लघवी करून घ्यावी. पोटावर भार येणार नाही अशी, कुशीवर झोपून वा बाईला सोयीची वाटेल ती स्थिती घ्यावी. स्टोमाच्या तोंडात कधीही काहीही घालू नये. दुखले तर थांबावे. रक्त गेले किंवा योनीमार्गातून लघवी झिरपू लागली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि संबंध म्हणजे केवळ समागम नव्हे. एका खोलीच्या घरात, सासू-मुले शेजारी झोपलेली असताना, आपल्यातील कित्येक जोडप्यांना निवांत बोलायलाही जागा नसते. हात हातात घेणे, केस विंचरून देणे, कुशीत घेणे ह्यालाही सहजीवनच म्हणतात. काही जोडप्यांना पुढे तेवढेच पुरते आणि त्यात कमीपणा काही नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी अशा जोडप्याला अधूनमधून एकांत मिळवून द्यावा.

मनाची जखम

गर्भाशय गेले म्हणजे बाईपण गेले, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. त्यात पोटावर पिशवी. मी आता घाण झाले, ह्यांनी माझ्याकडे कशाला बघावे, असे ती मनाशी म्हणते. नवरा तिला दुखेल म्हणून दूर झोपतो. तिला वाटते, आपली किळस आली. दोघेही एकमेकांच्या काळजीने गप्प, आणि त्या गप्पपणाचा अर्थ मात्र दोघे उलटा लावतात. अशी कित्येक घरे वरवर शांत दिसतात.

दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत असेल, जेवण-झोप सुटली असेल, जगू नये असे वाटत असेल तर ते खिन्नतेच्या आजाराचे लक्षण आहे. त्यावर औषध व समुपदेशन दोन्ही आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. विधवा, परित्यक्ता व अविवाहित भगिनींनाही हेच लागू आहे. तिला नवरा नाही म्हणून तिला हा प्रश्नच नाही, असे डॉक्टरांनीही धरू नये आणि आपणही धरू नये. स्वतःच्या शरीराविषयीचा आदर प्रत्येकीला हवा असतो.

धम्माची शिकवण आणि आपले कर्तव्य

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि मग भिक्खुसंघाला बोलावून, रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असे समजाविले. लघवीच्या पिशवीची किळस वाटणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आठवावा.

दुसरी कथा अंगुत्तर निकायातील नकुलपिता व नकुलमाता ह्या दांपत्याची. नकुलपिता फार आजारी पडला, तेव्हा पत्नीने त्याच्या एकेका काळजीचे निरसन केले. घर कसे चालेल, मुले कशी वाढतील ह्याची चिंता करू नका, असा धीर तिने दिला. तो बरा झाल्यावर, अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंतांनी त्याला सांगितले. आपल्या समाजात नकुलमाता घरोघरी आहेत. नवरा आजारी पडला तर बायको त्याची पिशवी बदलते आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. आता पत्नी आजारी पडल्यावर नकुलमातेचे काम पतीने करावयाचे आहे. पिशवी बदलायला शिकणे, तपासणीला बरोबर जाणे, आणि ‘मला तू हवी आहेस’ हे तोंडाने सांगणे, हे ते काम. सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे आणि तिला अलंकार देणे हीही आहेत. पत्नी आजारी असली म्हणजे ही कर्तव्ये संपतात असे तेथे म्हटलेले नाही. आणि तिची इच्छा नसताना हक्क म्हणून संबंध मागणे हे तर शीलाचेच उल्लंघन होय.

मदत कोठे मिळेल

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून ह्या रोगावर उपचार करीत आहे. तेथे स्टोमा असलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र सेवा आहे. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही अशा रुग्णांसाठी काम करते. स्वतः स्टोमा असलेली बाई दुसरीला जे पाच मिनिटांत समजावते, ते पुस्तकांतून मिळत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले रुग्णालय व शस्त्रक्रिया बसते काय, ह्याची चौकशी भरती होण्यापूर्वीच करावी. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाचा असतो. पिशव्यांचा मात्र आयुष्यभराचा. अशा एखाद्या भगिनीच्या पिशव्यांचा खर्च मंडळांनी उचलला तर ते दान खरोखर सत्पात्री ठरेल.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज प्रवचने होतात. त्यांतील एक दुपार महिलांसाठी ठेवून एखाद्या स्त्री-डॉक्टरांना ह्या विषयावर बोलवावे, अशी आमची सूचना आहे. नर्सिंग व वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलींनी स्टोमा-परिचर्येचे प्रशिक्षण घ्यावे; ह्या कामाला माणसे हवी आहेत. बाकीच्या विद्यार्थ्यांनी एवढेच करावे की हा लेख घरी आई, मावशी, काकू यांना वाचून दाखवावा आणि वाचताना लाजू नये.

शस्त्रक्रियेने बाईचा जीव वाचतो. पुढचे आयुष्य तिने खाली मान घालून काढायचे की आपल्या माणसांत हसत-खेळत, हे शल्यचिकित्सकाच्या सुरीपेक्षा घरच्या माणसांच्या वागण्यावर अधिक अवलंबून आहे. तिने विचारावे आणि आपण ऐकावे. सुरुवात एवढ्यानेही होते.

नमो बुद्धाय! जय भीम!